उन्हाळी कांदा: काढणीपासून चाळीपर्यंत ओलावा कसा सांभाळायचा

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की फोन सुरू होतात. "चाळीखाली पाणी गळतंय, वास सुटलाय, काय मारू?" तेव्हा मारण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. तो कांदा एप्रिलमध्येच बिघडलेला असतो. जून-जुलैच्या दमट हवेत ते फक्त दिसायला लागतं.

चाळ म्हणजे कांदा साठवायची, फटींच्या उंच तळाची हवेशीर शेड. ती कांदा वाळवायची जागा आहे, हा समज सगळ्यात महागात पडतो. चाळीत कांदा वाळत नाही, टिकतो. तोही आधी नीट सुकलेला असेल तरच. कांद्यात ८५ टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि ते आतच राहायला हवं. घालवायचं आहे ते पातीतलं, मानेतलं, मुळ्यांतलं आणि वरच्या दोन-तीन पापुद्र्यांतलं पाणी. कांद्याची मान म्हणजे बाटलीचं बूच समजा. बूच घट्ट सुकलं तर बुरशी आणि जिवाणू आत शिरत नाहीत आणि आतलं पाणी बाहेर येत नाही. मान ओली राहिली तर दोन्ही गोष्टी होतात.

पुढची कामं त्याच क्रमाने करा. हे टप्पे उन्हाळी म्हणजे रब्बी कांद्यासाठी आहेत. खरिपाचा लाल आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा लांब साठवणीच्या भानगडीत घालू नका. खरिपात माना नीट पडत नाहीत, म्हणजे पात मानेतून मोडून आडवी होत नाही, मान जाड राहते आणि कोंबही लवकर येतात. साठवायला एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती, ॲग्रीफाउंड लाइट रेड असे वाण घ्या.

काढणीआधी हाताशी काय हवं

- तापमान आणि आर्द्रता दाखवणारे दोन साधे डिजिटल मापक. एक चाळीत राहील, एक बाहेर सावलीत.
- किलो-अर्धा किलोचा फरक दाखवणारा वजनकाटा.
- धारदार विळे किंवा कात्र्या. बोथट विळ्याने मान चिरडते.
- शेडनेट किंवा झाडाची, पडवीची, शेडची सावली. काढणीच्या दिवशी सावली शोधायला निघालात तर कांदा उन्हातच राहील.
- ताडपत्री, आणि ती कांद्याला न टेकता उभी राहील असे बांबू.
- प्लास्टिकचे क्रेट, निदान दहा-वीस.

मापक आणला की आधी त्याची परीक्षा घ्या. स्वस्तातले मापक पाच-दहा टक्के चुकीचं सांगतात. बाटलीच्या बुचात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून ओलसर वाळूसारखं करा. मीठ विरघळून त्याचं पाणी व्हायला नको. हे बूच आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवं. ६९ दाखवलं तर तो सहाने कमी सांगतो. मापकावर चिठ्ठी चिकटवून त्यावर "+६" लिहून ठेवा. ही दहा मिनिटांची मेहनत टाळू नका, कारण पुढे ६५ आणि ७५ यांतल्या फरकावरच सगळं अवलंबून आहे.

## टप्पा १: पाणी तोडणं

सुकवणीची सुरुवात कांदा जमिनीत असतानाच होते. काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी बंद करा. मुरमाड, हलक्या रानात दहा दिवस पुरतात. काळ्या भारी जमिनीत ओल टिकून राहते, तिथे पंधरा दिवस तरी हवेत. पाणी वेळेवर तोडलं की मान बारीक होते आणि वरचा पापुद्रा रंग धरतो.

शेवटच्या दिवसांत पाणी दिलं की कांदा फुगतो आणि वजन वाढतं, हे खरं आहे. पण ते वजन चाळीत टिकत नाही. लगेच बाजारात नेणार असाल तर ते तुमचं गणित. साठवणार असाल तर तो मोह आवरा.

नत्राचंही तसंच आहे. लागवडीनंतर ४५ ते ६० दिवसांच्या पुढे युरिया टाकला तर पात हिरवीगार राहते, माना जाड होतात, आणि जाड मान बाहेरून वाळलेली दिसली तरी आत ओली असते. तसं झालं असेल तर त्या रानातला कांदा वेगळा ठेवा आणि आधी विका. पुढच्या कुठल्याही टप्प्यावर ही चूक दुरुस्त होत नाही.

इशारा: काळी जमीन फार कडक होऊन कांदा उपटेना झाला, तर कुदळीने खणत बसू नका. कुदळीचा घाव लागलेला कांदा साठवणीतून बाद धरा.

## टप्पा २: माना पडल्यावर काढणी

कांद्याच्या वरची पात मानेतून मोडून आडवी पडते, ती खूण. रानातल्या साधारण ५० टक्के माना पडल्या की काढणी करा. लागवडीपासून हे दिवस ११० ते १२० च्या आसपास येतात, पण दिवसांपेक्षा रान बघा.

घाई केली तर मान उघडी राहते. उशीर केला, सगळी पात वाळून जाऊ दिली, तर पापुद्रे तडकतात, कांदा उघडा पडतो, पात हातात तुटून येते आणि कांदा जमिनीतच राहतो. काही जण पायाने किंवा पिंप फिरवून माना पाडतात. त्याने मान मोडते, पिकत नाही. मोडलेली हिरवी मान म्हणजे उघडी जखम.

काढणी सकाळी दव उडाल्यावर सुरू करा. उपटलेल्या कांद्याची माती हाताने अलगद झटका, दोन कांदे एकमेकांवर आपटून झटकू नका. तो ठोका आज दिसत नाही, पण पुढे नेमक्या त्याच जागी कांदा मऊ पडतो.

## टप्पा ३: शेतातली सुकवण, पातीसकट

उपटलेला कांदा ३ ते ५ दिवस पातीसकट रानातच सुकवायचा. तो मांडण्याची रीत ठरलेली आहे आणि नेमकी तीच मजूर घाईत चुकतात.

पहिली ओळ जमिनीवर आडवी मांडा. दुसऱ्या ओळीची पात पहिल्या ओळीच्या कांद्यांवर आली पाहिजे, तिसऱ्या ओळीची दुसऱ्यावर, कौलं रचतात तशी. वरून बघितलं तर पात दिसावी, कांदा दिसू नये. एप्रिलच्या उन्हात उघडा कांदा अक्षरशः भाजतो. त्याच्यावर पांढुरका, मऊसर डाग पडतो आणि पुढे सड तिथूनच सुरू होते.

पात या दिवसांत नुसती वाळत नसते. तिच्यातलं अन्न आणि कोंब रोखून धरणारी द्रव्यं मानेतून कांद्यात उतरत असतात. म्हणून काढल्या काढल्या पात कापायची नाही. मजूर एकाच दिवशी मिळतात, उपटणं-कापणं एकदमच उरकून घेऊ, असा विचार होतो. मजुरांची अडचण मला माहीत आहे, तरीही सांगतो: कापणीसाठी तीन-चार दिवसांनी दुसरी तारीख ठरवा. एवढ्या एका बदलाने सड जितकी कमी होते, तितकी कुठल्याच पावडरीने होत नाही.

तपासा: तिसऱ्या दिवशी ओळीच्या मधला, पातीखालचा कांदा उचला. मान दोन बोटांत धरून चोळा. आतले थर एकमेकांवर घसरत असतील, चिकट ओल हाताला लागत असेल, तर आणखी एक-दोन दिवस थांबा. पात पिवळी पडून मऊ झाली आणि मान आवळली की पुढे चला.

### मधेच अवकाळी आला तर

आभाळ भरून आलं की पहिला हात जातो तो कांदा गोळा करून, पोळ म्हणजे ढीग घालून, वर प्लास्टिक कागद अंथरण्याकडे. पाऊस त्या रात्रीपुरता बाहेर राहतो, पण हिरव्या पातीचा ओलावा आत कोंडला जातो. ओल्या पातीसकट पोळीत दोन दिवस राहिलेल्या कांद्यात हात घातला तर गरम लागतो, म्हणजे आत कुजणं सुरू झालंय.

त्यापेक्षा असं करा:

1. ओळी तशाच राहू द्या. वर बांबूच्या आधाराने ताडपत्री उताराने धरा, दोन्ही टोकं उघडी ठेवा. ताडपत्री कांद्याला टेकू नये.
2. पाऊस थांबला की लगेच काढा. "रात्री परत आला तर" म्हणून दिवसभर झाकून ठेवू नका.
3. कांदा भिजलाच तर जमीन वाफशावर आल्यावर, म्हणजे चिखल जाऊन नुसती ओलसर राहिल्यावर, तो कोरड्या जागी एकेरी थरात पसरा.
4. भिजलेला माल वेगळा ठेवा. तो कितीही छान सुकलेला दिसला तरी चाळीच्या तळाशी घालू नका. घालायचाच तर दाराजवळ, आधी निघेल असा.

गारा लागलेला कांदा साठवूच नका.

## टप्पा ४: पात कापणं

मान सुकली की पात कापा. कांद्याच्या वर साधारण एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर मान ठेवा. कांदा सुंदर, गोलसर दिसावा म्हणून अगदी बुडापासून पात छाटायची सवय अनेकांना असते. आपण इतक्या मेहनतीने घट्ट केलेलं बूचच त्यात उडतं. मान फार लांब ठेवली तर तीत ओल धरून राहते आणि चाळीत हवा जायच्या फटी बुजतात. एक इंच हे माप बोटाच्या पेराने मोजता येतं. पहिली दहा मिनिटं स्वतः कापून दाखवा, म्हणजे मजूर त्याच मापाने कापतील.

मुळ्या वाळून झडत असतील तर झडू द्या. ओल्या मुळ्या ओरबाडू नका.

## टप्पा ५: सावलीतली सुकवण

हा टप्पा निम्मे लोक गाळतात. पात कापली, ट्रॉली भरली, चाळ भरली. तिथेच घोळ होतो. कापलेली मान ताजी जखम असते. तिला १० ते १२ दिवस सावली आणि वारा हवा.

झाडाखाली, शेडमध्ये किंवा शेडनेटखाली कांदा पातळ पसरा. थर एका फुटापेक्षा उंच नको. खाली ओलसर जमीन असेल तर आधी पाचट किंवा तुराट्या टाका. प्लास्टिक कागद अंथरू नका, रात्री त्याच्यावर ओल जमते. दोन-तीन दिवसांनी थर हाताने हलक्याने वरखाली करा, फावड्याने नाही.

इथे हवेचं थोडं गणित समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मापक दाखवतो ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावते, त्यातली किती टक्के सध्या आहे, एवढंच ती सांगते. गरम हवेत जास्त वाफ मावते, थंड हवेत कमी. त्यामुळे वाफ तेवढीच असली तरी आकडा दिवसभर बदलत राहतो. एप्रिलच्या दुपारी ४० अंशाला २० टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री २४ अंशापर्यंत निवली की तीच हवा ५० टक्के दाखवते. म्हणून सकाळचा एकच आकडा बघून घाबरू नका आणि दुपारचा एकच आकडा बघून निर्धास्तही होऊ नका. सकाळी सात आणि दुपारी तीन, असे दोन आकडे वहीत लिहा.

आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा आपोआपच कोरडी असते. सावली आणि वारा मिळाला की काम होतं, पंख्याची गरज पडत नाही. उलट फार कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात पापुद्रे तडकून गळायला लागतात. तसं दिसलं तर पश्चिमेच्या बाजूला शेडनेट लावून झळ अडवा.

सुकवण पूर्ण झाली का? चार खुणा:

1. मान बोटांत चोळली तर थर घसरत नाहीत, मान कागदासारखी कोरडी लागते.
2. मूठभर कांदे हातात फिरवले तर पापुद्रे खसखसतात.
3. मुळ्या बोटाने दाबल्या की तुटतात, वाकत नाहीत.
4. वेगवेगळ्या जागचे दहा कांदे मानेतून उभे चिरले तर मानेत ओला, हिरवट भाग दिसत नाही.

चौथी खूण टाळू नका. दहा कांदे कापायला जीव होत नाही, पण डोळ्यांना दिसणारा तोच एक पुरावा आहे. दहापैकी दोन जरी ओले निघाले तर आणखी तीन दिवस थांबा आणि पुन्हा दहा कापा.

वजनाची खूणही उपयोगी पडते. पात कापल्याच्या दिवशी एक क्रेट भरून वजन करा, क्रेटला चिंधी बांधा आणि तो त्याच सावलीत ठेवा. पहिले दिवस वजन भराभर उतरतं, मग उतरणं मंदावतं. लागोपाठ तीन दिवस वजनात फारसा फरक पडला नाही की वरचा ओलावा गेला असं समजा. हा क्रेट टाकून देऊ नका, पुढे चाळीत लागणार आहे.

## टप्पा ६: निवड

सुकवण झाल्यावर, चाळीत भरण्याच्या आधी निवड करा. बाजूला काढायचे ते असे: जोड कांदे, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले, जाड मानेचे, विळ्याचा किंवा कुदळीचा घाव लागलेले, उन्हाने भाजलेले, पापुद्रा गेलेले, मऊ लागणारे. चिंगळी आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करा. बारीक कांदा मोठ्या कांद्यांच्या फटीत बसतो आणि हवेची वाटच बंद करतो, म्हणून एकसारखा मध्यम कांदा, साधारण ५ ते ७.५ सेंटिमीटरचा, सगळ्यात चांगला टिकतो. फार मोठा कांदा आधी विका.

डेंगळ्याचा कांदा बाहेरून ठणठणीत दिसतो, म्हणून निवडीत सुटतो. पण त्याच्या मधोमध दांड्याची पोकळ नळी असते आणि ओल थेट गाभ्यात उतरते. एका डेंगळ्याने आजूबाजूचे पाच-सहा कांदे ओले केलेले मी दरवर्षी बघतो.

## टप्पा ७: चाळ तयार करणं आणि भरणं

कांदा भरायच्या आठ-दहा दिवस आधी चाळ पूर्ण रिकामी करा. गेल्या वर्षीचे पापुद्रे, कुजका भुस्सा, तळाच्या फळ्यांच्या फटीतली घाण खरवडून काढून लांब नेऊन जाळा. काजळी म्हणजे पापुद्र्याखालची ती काळी भुकटी. ती बुरशी आहे आणि तिचे बीजाणू जुन्या कचऱ्यात तसेच राहतात. रिकाम्या चाळीत बुरशीनाशक फवारायचं असेल तर लेबलावरच्या प्रमाणात फवारा आणि चाळ पूर्ण कोरडी होऊ द्या. कांद्यावर मात्र कसलीही पावडर धुरळू नका. ओली मान पावडरीने सुकत नाही, आणि तो कांदा कुणाच्या तरी ताटात जाणार आहे.

चाळीच्या बांधणीत ओलाव्याच्या दृष्टीने बघायच्या गोष्टी:

- तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच आणि फटींचा. खालून हवा आली नाही तर बाकी सगळं व्यर्थ.
- एक पाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी (दोन ओळींची) चाळ पूर्व-पश्चिम.
- कप्प्याची रुंदी चार फूट. जास्त रुंद केली तर मध्यापर्यंत वारा पोचत नाही.
- कांद्याची उंची जास्तीत जास्त पाच फूट. वरचा थर आणि छप्पर यांत मोकळी जागा.
- छप्पर बाजूला तीन फूट बाहेर आलेलं, म्हणजे तिरपा पाऊस आत येत नाही.
- कौलं सगळ्यात चांगली. पत्रा असेल तर वरून पांढरा रंग द्या किंवा पाचटाचा थर टाका.

चार फूट रुंद आणि पाच फूट उंच कप्प्यात एका फूट लांबीला साधारण सव्वातीन क्विंटल कांदा मावतो. तुमचा माल याहून जास्त असेल तर उंची वाढवू नका, माल विका. सहा-सात फूट भरलेल्या चाळीत तळाचा कांदा दबतो, चपटा होतो, त्याचं पाणी सुटतं आणि वरच्या माणसाला ते महिनाभर कळत नाही.

भरताना कांदा उंचावरून ओतू नका. क्रेट आत नेऊन अलगद रिकामा करा. कांद्यात उभं राहून भरायचं असेल तर पायाखाली फळी किंवा बारदान टाका. भरणी दुपारी करू नका. तापलेला कांदा पाच फुटांच्या ढिगात गेला की ती उष्णता लवकर निघत नाही. सकाळी दव उडाल्यावर किंवा उन्हं उतरल्यावर भरा.

भरतानाच दर सात-आठ फुटांवर भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा ठेवा. त्यातून हवा खेळते, आणि दोरीने मापक आत सोडून ढिगाच्या मध्यातलं तापमान आणि आर्द्रता बघता येते. चिंधी बांधलेला तो क्रेट आता चाळीत ठेवा, मधोमध, हात पोचेल असा.

## टप्पा ८: मे ते ऑक्टोबर, हवा सांभाळणं

लक्षात ठेवायचे आकडे दोनच. तापमान २५ ते ३० अंश, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. खाली गेली तर वजन घटतं आणि पापुद्रे गळतात. वर गेली तर मुळ्या फुटतात, काजळी धरते, सड सुरू होते. वर्षभर हे आकडे नैसर्गिक चाळीत मिळत नाहीत. त्यांच्या जवळ राहणं एवढंच आपल्या हातात असतं.

मे महिना. शत्रू ओल नाही, झळ आहे. पश्चिम आणि दक्षिण बाजूला शेडनेट, पाचट किंवा बारदान लावा. उन्हाची तिरीप थेट कांद्यावर पडू देऊ नका. तळ उघडाच ठेवा.

पावसाची सुरुवात. मेच्या शेवटी बाजूचं पाचट, बारदान काढून टाका, नाहीतर ते भिजतं आणि ओलं पोतं कांद्याला गुंडाळल्यासारखं होतं. चाळीभोवती चर काढा, खाली पाणी साचू देऊ नका. तळाखालच्या जमिनीत ओल राहिली की ती रोज वाफ होऊन सरळ कांद्यात चढते.

जुलै-ऑगस्ट. इथे जवळपास सगळे एकच चूक करतात: बाहेर ९५ टक्के आर्द्रता आहे म्हणून चाळ चारही बाजूंनी प्लास्टिकने बंद करतात. कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, उष्णता आणि वाफ सोडतो. बंद चाळीत ती वाफ कांद्यावरच बसते. चाळ उघडी ठेवली तर काय होतं? समजा बाहेरची हवा २३ अंश आणि ९५ टक्के आहे, ढिगातला कांदा २८ अंशाला आहे. ती हवा ढिगात शिरून २८ अंशापर्यंत तापली की तिची आर्द्रता ७१ टक्क्यांवर उतरते. पावसाळी हवासुद्धा गरम ढिगाला सुकवत जाते, फक्त तिला वाहू द्या.

याच्या उलटही घडतं, आणि ते ओळखायला शिका. दोन-तीन दिवस गारठा राहून ढीग थंड झाला आणि मग अचानक दमट, उबदार हवा आली, तर थंड कांद्यावर दव धरतं, माठाला बाहेरून पाणी सुटतं तसं. म्हणून पंखा वापरत असाल तर एकच नियम पाळा. मापक पाइपात सोडा. ढीग बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल तर पंखा चालवा. ढीग बाहेरच्या हवेपेक्षा थंड असेल आणि हवा दमट असेल तर बंद ठेवा. पंख्याला घड्याळ लावून मोकळे होणारे नेमके इथे फसतात.

प्लास्टिकचा पडदा फक्त पावसाच्या झोडप्यापुरता, फक्त वाऱ्याच्या बाजूने सोडा. पाऊस ओसरला की गुंडाळा. तळाची बाजू कधीच झाकू नका.

रोजची तपासणी, सकाळी, पाच मिनिटं:

1. चाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाकाने चाला. आंबूस वास कुठे येतो ते धरा.
2. तळाखाली वाकून बघा. ओला डाग, थेंब, चिलटं दिसली तर बरोबर त्याच्या वर सड आहे.
3. पाइपाच्या आत हात घालून ऊब बघा. एकाच जागी जास्त गरम लागलं तर तो भाग उघडा.
4. दर पंधरा दिवसांनी चिंधीचा क्रेट तोला आणि तारीख टाकून लिहा. वजन हळूहळू उतरणारच. एकदम जास्त उतरलं तर क्रेटमध्येच सड आहे.

सड सापडली की तेवढीच जागा बाजूने उघडून ओले कांदे आणि त्यांना चिकटलेले कांदे बाहेर काढा, खड्डा तसाच मोकळा राहू द्या म्हणजे वारा शिरेल. पावसाळ्यात सगळी चाळ उलथून निवडत बसू नका. हाताळणीत पापुद्रे जातात, आणि दमट हवेत उघडा पडलेला कांदा पुन्हा पापुद्रा धरत नाही. सड चार-पाच ठिकाणी एकदम दिसायला लागली तर तो कप्पा विकायची वेळ झाली आहे, भाव कसाही असो.

सप्टेंबरनंतर. रात्री गार होतात, कांद्याची झोप संपते आणि कोंब यायला लागतात. हे सुकवणीतल्या चुकीने झालेलं नसतं आणि कुठल्याही हवेशीरपणाने थांबत नाही. दर आठवड्याला दहा कांदे उभे चिरून बघा. आतला हिरवा कोंब निम्म्यापेक्षा वर आला असेल तर दोन आठवड्यांच्या आत माल काढा.

## कोकणात आणि किनाऱ्यावर

समुद्राकाठी उन्हाळ्यातही हवा कोरडी नसते, म्हणून तिथे ढीग घालायची रीतच चुकीची ठरते. अलिबागचा पांढरा कांदा वेण्या घालून विकतात, त्यामागे हे व्यवहारी शहाणपण आहे. पात अर्धवट सुकून मऊ झाली की, पूर्ण वाळून तुटायच्या आत, तिच्या वेण्या घालायच्या आणि पडवीत, आढ्याला टांगायच्या. प्रत्येक कांद्याला चारही बाजूंनी वारा मिळतो, माना वेणीतच सुकतात. परसात दोन-चार वाफे करणाऱ्यांनी, मग ते रायगडात असोत की गोव्यात, हीच पद्धत धरावी. वेणी भिंतीला टेकू देऊ नका, भिंतीची ओल लागते. चुलीच्या धुराच्या वर मात्र टांगू नका, रोजच्या स्वयंपाकाची वाफही तिथेच जमते.

## घरच्या बेगमीसाठी

शहरातले लोक मेमध्ये पोतं-दोन पोती उन्हाळी कांदा घेऊन ठेवतात आणि ऑगस्टमध्ये निम्मा फेकतात. घेताना टप्पा ५ मधल्या चार खुणा पोत्याच्या तळातल्या कांद्यांवर तपासा, वरच्यांवर नाही. घरी आणल्यावर कांदा पोत्यात ठेवू नका. माळ्यावर किंवा पलंगाखाली बारदानावर दोन थरांत पसरा, किंवा जाळीच्या क्रेटमध्ये निम्म्यापर्यंत भरा. बटाट्याशेजारी ठेवू नका. बाथरूमच्या भिंतीशी, फ्रिजच्या मागे, सिंकखाली ठेवू नका. पंधरा दिवसांतून एकदा हात फिरवून मऊ कांदे काढा आणि ते त्याच दिवशी भाजीत घाला.

## चाळ फोडताना

माल काढायला कोरडा दिवस निवडा. पाऊस चालू असताना चाळ फोडून ट्रॉली भरली तर पाच महिने सांभाळलेला कांदा बाजार समितीत पोचेपर्यंत ओला होतो, आणि व्यापारी पहिला हात पापुद्र्यावरच फिरवतो. आदल्या दिवशी कप्प्याच्या बाजूच्या पट्ट्या काढून ठेवा, रात्रभर वारा लागू द्या. सकाळी तळाचा अर्ध्या फुटाचा थर वेगळा काढा, तो दबलेला असतो, चांगल्या मालात मिसळला तर सगळ्या मालाचा भाव तळाच्या कांद्याने ठरतो. गळालेले कोरडे पापुद्रे उफणून टाका, पण पाट्या जोरात हलवून नाही, पंख्यासमोर अलगद ओतून. ट्रॉलीवर ताडपत्री टाकायचीच असेल तर बांबूवर उचलून बांधा. चार तास बाजारात उभी राहिलेली, ताडपत्रीने घट्ट आवळलेली ट्रॉली उघडली की वरच्या कांद्यावर पाण्याचे थेंब दिसतात.